ठिगळांचं मैदान

फार पूर्वी, बैलगाडीला घाई नव्हती आणि माणसांनाही बेताचीच होती तेव्हा, एका नदीच्या काठाने पाच गावं होती. गावांची नावं तिथल्या मातीवरून पडलेली. काळवाटेत काळी माती, तांबवाटेत तांबडी, वाळवाटेत वाळू, शाडवाटेत पांढरी शाडू आणि मुरवाटेत नुसता मुरूम.

प्रत्येक गावात एक शाळा होती आणि प्रत्येक शाळेचा हुतूतूचा संघ होता. कोणत्या शाळेतली मुलं किती पाढे म्हणतात, हे पाचांतल्या एकाही गावाला ठाऊक नव्हतं. पण हुतूतूत परवा कोण हरलं, ते पाळण्यातल्या पोरालाही माहीत असायचं. दिवाळी झाली की सामने सुरू व्हायचे ते होळीपर्यंत चालायचे. या आठवड्यात हे त्यांच्याकडे, पुढच्या आठवड्यात ते यांच्याकडे. काळवाट आणि तांबवाट यांची चुरस तर विचारू नका. काळवाटेची मुलगी तांबवाटेत दिली असेल, तर सामन्याच्या दिवशी ती कोणाच्या बाजूने ओरडते इकडे तिच्या आईचं आणि सासूचं, दोघींचं बारीक लक्ष असायचं.

या सामन्यांची एक रीत होती. पाहुणा संघ येताना आपल्या गावची एक पाटी माती डोक्यावर घेऊन यायचा. ती यजमानांच्या मैदानावर ओतायची, दोन्ही संघांनी मिळून पायांनी तुडवायची आणि मगच खेळायला उभं राहायचं. असं का करायचं, हे कोणालाच सांगता येत नसे. यजमान विचारायचे, "आणली का तुमच्या गावची घाण?" पाहुणे म्हणायचे, "आणली की, तुमच्या घाणीला जरा बरा रंग येईल." सगळे हसायचे आणि तुडवायला लागायचे.

वर्षानुवर्षं असं चाललं. त्यामुळे पाचही मैदानं ठिगळं लावलेल्या गोधडीसारखी दिसायची. इथे काळं, तिथे तांबडं, मध्येच पांढरा पट्टा. दिसायला ओंगळच म्हणा ना. पण त्या मैदानावर पोरगं दहा वेळा आपटलं तरी उठून हात झटकायचं आणि पुन्हा चढाईला जायचं. गुडघा कधी फुटत नसे. लागत नाही याची एकदा सवय झाली, की ते कोणाच्या ध्यानातही राहत नाही.

काळवाटेचं मैदान ठकूबाई नावाची म्हातारी राखायची. आधी तिचा सासरा राखायचा, मग नवरा आणि आता ती. रोज सकाळी दोन घागरी पाणी शिंपडायचं आणि खडे वेचायचे, एवढंच तिचं काम.

आणि काळवाटेच्या शाळेत एक पंतोजी होते. माणूस वाईट नव्हता, हे मी आधीच सांगून ठेवतो, नाहीतर तुम्ही सगळं त्यांच्यावर ढकलून मोकळे व्हाल. वीस वर्षं त्यांनी पोरांना शिकवलं होतं. गेली सहा वर्षं त्यांचा संघ पाच गावांत एकदाही हरला नव्हता. पंतोजींना आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. राजधानीत राजमेळा भरायचा, आठ बड्या शाळांचा. प्रत्येक शाळेचं निशाण उंच काठीवर फडकायचं, नगारे वाजायचे, हजारो माणसं जमायची. त्या आठ निशाणांशेजारी आपल्या शाळेचं निशाण एकदा पाहावं आणि मग खुशाल म्हातारं व्हावं, असं त्यांच्या मनात होतं.

एके वर्षी दवंडी पिटली गेली. राजमेळ्यात आणखी दोन शाळा घ्यायच्या आहेत, मेळ्याचा कारभारी गावोगाव फिरून निवड करणार आहे.

झालं. त्या दिवसापासून पाच गावांना दुसरा विषय राहिला नाही. न्हाव्याकडे अर्धी दाढी झालेली माणसं तशीच बसून वाद घालायची. वाळवाटेचं नक्की झालं म्हणे. का, तर तिथल्या विहिरीवर एका परक्या माणसाने पाणी मागितलं. शाडवाटेने शाळेला चुना फासला आणि तो ओला असतानाच लोकांना दाखवायला सुरुवात केली. मुरवाटेने नवा नगारा आणला, पण वाजवणारा कोणी नव्हता. जी माणसं एकमेकांकडे विरजण मागायला जायची, ती आता जपून बोलू लागली. न जाणो, आपल्या तोंडून काही निघायचं आणि शेजाऱ्याला त्याचा फायदा व्हायचा.

तांबवाटेच्या शाळेत नागोजी मास्तर होते. सामन्यात पंतोजींचे सगळ्यात मोठे वैरी तेच आणि एरवी पान खायला सोबतीही तेच. ते एकदा मुद्दाम चालत काळवाटेला आले.

"पंतोजी, मला एक सुचतं," ते म्हणाले. "आपण पाचही शाळांनी मिळून एकच उत्तर देऊ. घ्यायचं तर पाचांनाही घ्या, नाहीतर राहू द्या."

पंतोजींनी सुपारी कातरत ऐकून घेतलं. "बघू," ते म्हणाले.

नागोजी मास्तरांना ते 'बघू' कळलं. त्यांनी पान खाल्लं आणि ते घरी गेले.

कारभारी आला तो नेमका काळवाट आणि तांबवाट यांच्या सामन्याच्या दिवशी. मैदानाच्या चहूबाजूंनी माणूसच माणूस, झाडांवरसुद्धा पोरं. काळवाटेचा म्होरक्या केरबा, अठरा वर्षांचा, लांब दमाचा. त्याने एका चढाईत तिघांना बाद केलं. पण कारभाऱ्याने ते पाहिलंच नाही. तो मचाणावर उभा राहून माणसं मोजत होता. शंभर माणसं झाली, की एक चिंचोका पिशवीत टाकायचा. शेवटी चाळीस चिंचोके झाले.

"चार हजार," तो खूश होऊन म्हणाला. "पंतोजी, तुमच्या गावाला खेळाचं वेड आहे हो."

पंतोजींची छाती फुगली. त्या चार हजारांत काळवाटेचे हजार-अकराशेच होते, बाकीचे चार गावांहून चालत आलेले. पण त्याने विचारलं नाही आणि यांनी सांगितलं नाही.

सामना संपल्यावर कारभाऱ्याने दोन अटी घातल्या. पुढच्या दिवाळीपासून काळवाटेने फक्त मेळ्यातल्या शाळांशी खेळायचं, या किरकोळ गावांशी नाही. आणि मैदान एकरंगी करायचं. "असलं ठिगळांचं मैदान मेळ्याला शोभत नाही," तो म्हणाला.

पंतोजींनी ‘रात्री विचार करून सांगतो’ असंसुद्धा म्हटलं नाही. तिथल्या तिथे हो म्हणाले.

उन्हाळ्यात खणायला सुरुवात झाली. ठकूबाई घागर खाली ठेवून पंतोजींपुढे येऊन उभी राहिली.

"पंतोजी, ही माती काढू नका."

"अहो ठकूबाई, ही माती आपली तरी आहे का? सगळी शेजाऱ्यांची आणून टाकलेली."

"तेच म्हणते मी. आपली असती तर पुन्हा आणली असती."

"आपली काळी माती काय वाईट आहे? आपल्या शाळेचं मैदान आपल्याच मातीचं नको?"

ठकूबाईला शिकलेल्या माणसासारखं बोलता येत नव्हतं. तिला फक्त माती कळत होती. ती म्हणाली, "सासऱ्यांनी हात लावला नव्हता हो," आणि बाजूला झाली.

तीस गाड्या माती निघाली. ती नदीत टाकली. पाणी दोन दिवस गढूळ वाहिलं, मग पुन्हा निवळलं. मैदानात काळवाटेची काळीभोर माती घातली आणि चोपून चोपून शाळेतल्या दगडी पाटीसारखी गुळगुळीत केली. कारभारी येऊन पाहून गेला. गावाने वाजतगाजत मिरवणूक काढली. पंतोजींनी शाळेचं निशाण नव्याने शिवून घेतलं आणि ते घडी करून उशाशी ठेवलं.

आता चार शेजाऱ्यांना निरोप पाठवायला हवा होता, की आम्ही यंदा तुमच्याशी खेळणार नाही. पंतोजींच्या मनात होतं पाठवायचं. पण असला निरोप कोणत्या तोंडाने पाठवायचा, म्हणून उद्या पाठवू, परवा पाठवू करत राहून गेलं. वाळवाट, शाडवाट, मुरवाट यांना उडत उडत कळलं आणि ते आलेच नाहीत. तांबवाटेलाही कळलं होतं. पण नागोजी मास्तर म्हणाले, "पंतोजींनी स्वतः सांगितलं नाही तोवर मी दुसऱ्याचं ऐकणार नाही."

पौष पौर्णिमेला तांबवाटेचा संघ नेहमीसारखा आला. पुढे नागोजी मास्तर, त्यांच्या डोक्यावर तांबड्या मातीची पाटी.

पंतोजी फाटकाशी आले. त्यांना मास्तरांकडे बघवेना. "यंदा सामना नाही, मास्तर. आम्ही मेळ्यात आहोत."

"हो का," मास्तर म्हणाले. त्यांची नजर मागच्या मैदानावर गेली. "माती कुठे गेली?"

"नदीत टाकली. अट होती तशी."

तांबवाटेच्या पोरांमध्ये कुजबुज झाली, ती मास्तरांनी हाताने थांबवली. मग त्यांनी डोक्यावरची पाटी उतरवून फाटकाशी ठेवली. "परत नेताना जड होईल," ते म्हणाले आणि संघाला घेऊन आल्या वाटेने निघून गेले. दोन कोस ऊन होतं आणि त्यांना कोणी पाणीसुद्धा विचारलं नाही. हे मला सांगतानाही बरं वाटत नाही, पण घडलं ते असं घडलं.

पाटी संध्याकाळपर्यंत तिथेच होती. मग ठकूबाईने ती उचलून आपल्या झोपडीत नेली आणि वर गोणपाट घातलं.

मेळ्याचं म्हणाल, तर काळवाटेचं निशाण खरोखर नवव्या काठीवर फडकलं. पंतोजी खाली उभे राहून किती तरी वेळ वर पाहत होते आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पाणी खोटं नव्हतं. सामने मात्र हरले. आठ सामन्यांत एक जिंकले. त्यात लाज वाटण्यासारखं काही नव्हतं, समोरचे खरंच चांगले होते. पण तिथे काळवाट कुठे आहे हेच कोणाला माहीत नव्हतं. हरल्यावर चिडवायलाही कोणी आलं नाही. काळवाटेच्या पोरांना ते फार लागलं. तांबवाटेशी हरलं असतं, तर वर्षभर बाजारात तोंड लपवून फिरावं लागलं असतं. इथे लपवायला कोणी ओळखीचंच नव्हतं.

शेवटचा सामना काळवाटेत व्हायचा होता. बाकीच्या शाळा लांबचं कारण सांगून आल्या नाहीत. एक तेवढी तयार झाली. पण तोवर माघ सरला होता आणि ऊन वाढलं होतं. काळी माती उन्हात काय करते, हे शेतावरच्या पोरालाही माहीत असतं. मैदानाला भेगा पडल्या. ठकूबाई दोन घागरींच्या जागी पन्नास घागरी ओतत होती. वरून ओलं दिसायचं आणि खाली भेग तशीच राहायची.

केरबा चढाईला गेला. परत फिरताना त्याचा पाय भेगेत गेला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा घोट्यात मोडला. त्याला खांद्यावर घालून घरी नेलं. सामना तिथेच थांबला.

कारभारी मचाणावर होता. त्याच्या पिशवीत अकरा चिंचोके पडले होते.

"पंतोजी, गेल्या वर्षीचे बाकीचे लोक कुठे आहेत?"

पंतोजी खाली मान घालून म्हणाले, "ते शेजारच्या गावांचे होते."

"अस्सं," कारभारी म्हणाला आणि त्याने पिशवीचं तोंड बांधलं.

होळीनंतर मेळ्याचं पत्र आलं. दोन ओळींचं. मेळ्याची फेररचना झाली असून काळवाटेच्या जागी अमुक शहराची शाळा घेतली आहे. त्या शहराकडे म्हणे साठ चिंचोके होते. ज्यांनी मिरवणुकीत सगळ्यात पुढे ढोल वाजवला होता, ते आता न्हाव्याकडे बसून सांगू लागले, की आम्ही पंतोजींना तेव्हाच बजावलं होतं.

पंतोजी केरबाच्या घरी गेले. पायाला फळ्या बांधून तो ओसरीवर पडला होता.

"वैदू काय म्हणतो?" पंतोजींनी विचारलं.

"दिवाळीपर्यंत चालायला लागशील, म्हणतो." केरबा पुढे म्हणाला, "पंतोजी, पाय बरा होईल. पण मग खेळायचं कोणाशी?"

पंतोजी उठले. घरी जाऊन त्यांनी पाटी काढली, शेतातली काळी माती तिच्यात भरली आणि भर दुपारी ती डोक्यावर घेऊन तांबवाटेची वाट धरली. लोक दारातून बघत होते. पंतोजींनी कोणाकडे पाहिलं नाही.

तांबवाटेच्या मैदानावर पोरं सराव करत होती. पंतोजी फाटकाशी थबकले. समोर ते जुनं ठिगळांचं मैदान तसंच होतं. तांबडं, पांढरं, वाळूचं. आणि मधल्या रेषेजवळ एक मोठं काळं ठिगळ होतं, त्यांच्याच गावचं. एक पोरगं धाडकन त्या काळ्या मातीवर आपटलं, उठलं, हात झटकले आणि पुन्हा खेळायला लागलं.

नागोजी मास्तर बाहेर आले. दोघे समोरासमोर उभे राहिले.

"आम्ही तुमची माती नदीत टाकली, मास्तर," पंतोजी म्हणाले. "तुम्ही आमची का ठेवलीत?"

"खोटं कशाला बोलू? काढायची असं ठरलं होतं," मास्तर म्हणाले. "पौष पौर्णिमेला तुमच्याकडून परत आलो, त्याच दिवशी पोरांनी कुदळी घेतल्या. मीही अडवलं नाही, इतका राग आला होता. हातभर खणलं. वर ठिगळं दिसतात, पण खाली सगळं एकच झालंय. तुमची कुठली आणि आमची कुठली, वेगळं करता येईना. तुमची काढायची तर आमचीही काढावी लागली असती. मग खड्डा बुजवला."

पंतोजींच्या डोक्यावर पाटी तशीच होती. ती उतरवायचं त्यांना सुचत नव्हतं. "आम्हाला पुन्हा खेळायला घ्याल का?" त्यांनी विचारलं.

मास्तरांनी पुढे होऊन पाटीला हात लावला आणि दोघांनी मिळून ती खाली उतरवली.

"घेऊ. बाकीच्या तिघांशीही मी बोलेन," मास्तर म्हणाले. "पण काळवाटेत आम्ही खेळायला येणार नाही. पोरं पाय मोडून घ्यायला दिलेली नाहीत कोणी. रीतीप्रमाणे दर वर्षी एकेक पाटी आणून देऊ. मैदान पुन्हा खेळण्याजोगं होईपर्यंत तुम्हीच आमच्याकडे यायचं."

"त्याला किती वर्षं लागतील?"

"ते मला कसं कळणार? आपल्या दोघांच्या जन्माआधीपासून घालत होते."

पंतोजींनी मान डोलावली. याहून जास्त काही मागायला त्यांना तोंड नव्हतं, हे त्यांचं त्यांना कळत होतं.

ते घरी परतले तेव्हा ठकूबाई मैदानावर होती. तिने झोपडीतून गोणपाटाखालची पाटी आणून ठेवली होती. पंतोजींनी वहाणा काढल्या आणि त्या भेगाळलेल्या काळ्या मैदानाच्या मधोमध ती तांबडी माती ओतली. एवढ्या मोठ्या मैदानात ती सुपाएवढी दिसत होती. मग ते एकटेच ती पायांनी तुडवत राहिले आणि ठकूबाई वरून पाणी शिंपडत राहिली.

त्यानंतर बारा वर्षं काळवाटेत सामना झाला नाही. त्यांचा संघ दर वेळी चालत दुसऱ्यांकडे जायचा, जिंकायचा, हरायचा, चिडवून घ्यायचा. सामना नसतानाही शेजारी दर वर्षी येऊन एकेक पाटी ओतून जायचे. ठकूबाई गेली. तिच्या घागरी केरबाने घेतल्या, तो आता शाळेत शिकवत होता आणि किंचित लंगडत होता. तेराव्या वर्षी पौष पौर्णिमेला तांबवाटेचा संघ काळवाटेच्या फाटकातून आत आला.

"आणली का तुमच्या गावची घाण?" केरबाने विचारलं.

"आणली की," पाहुणे म्हणाले.

पंतोजी फार थकले होते. त्यांना खुर्चीत बसवून रेषेजवळ आणलं होतं. त्यांचं निशाण उशाशी घडी करून ठेवलेलं होतं, ते काही त्यांनी बाहेर काढलं नाही. पहिल्याच चढाईत काळवाटेचं एक लहानसं पोरगं पकडीत सापडलं आणि तोंडावर आपटलं. सगळं गाव उठून उभं राहिलं. पोरगं उठलं, गुडघ्याकडे न बघताच हात झटकले आणि आपल्या जागेवर जाऊन उभं राहिलं. पंतोजी लहान मुलासारखे रडले आणि शेजारी बसलेल्या नागोजी मास्तरांनी त्यांना पान लावून दिलं.

आता यातून घ्यायचं काय, असं विचाराल तर तात्पर्य एवढंच: बड्यांनी बोलावलं तर जरूर जावं, त्यात पाप नाही. पण आपलं म्हणून आपण जे मिरवतो, त्यात शेजाऱ्यांनी आणून घातलेलं किती आहे, ते निघण्याआधी पाहून घ्यावं. ते नदीत टाकायला चार दिवस पुरतात आणि परत मिळवायला दर वर्षी एकच पाटी मिळते.